लाल दिवा

कल्याणीच्या आईने एकतीस वर्षं रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाचं काम केलं. लाल दिवा लागला की ती काचेमागे ओठ मिटून बसायची आणि हाताच्या खुणेनेच समोरच्याला बोलतं करायची. "अरुंधतीबाई, तुमचा आवाज कधी ऐकू येत न्हाई वो रेडिओवर," असं नवीन जालन्यातल्या शेजारीण उषाबाई म्हणायच्या, तेव्हा ती नुसती हसायची.

आई गेल्याच्या पंधराव्या दिवशी पाहुणे पांगले. कल्याणीने सवयीने दोन कप चहा टाकला, आपला प्यायली आणि मग आईचाही पिऊन टाकला. तिला अजून रडू आलं नव्हतं.

"मोबाईलमधी आईचा आवाज असंल की," उषाबाई म्हणाल्या. "एकदा ऐक, मंग मोकळी होशील."

कल्याणी एकेक व्हिडिओ लावत गेली. भाच्याच्या, पार्थच्या वाढदिवसाला पार्थ बोलत होता, दिवाळीत सगळे एकदम बोलत होते, एका व्हिडिओत तर नुसता पंखा वाजत होता. आई सगळीकडे होती, पण ओठ मिटून. कुणी मोबाईल समोर धरला की तिच्या लेखी लाल दिवा लागलेला असायचा.

शेवटचा व्हिडिओ दवाखान्यातला होता. त्यात कल्याणीचाच आवाज होता, "आई, काहीतरी बोल ना."

आईने सलाईनची सुई लावलेला हात हळूच उचलला आणि काचेमागून करायची तशीच खूण केली. आता तू बोल.