सुईणीची चिठ्ठी

"सुईणबाईच काढू दे चिठ्ठी. तिच्या हाताला यश आहे," मुखिया म्हणाला. मलावीतल्या त्या खेड्यातली निम्मी माणसं तिच्याच हातांवर जन्मलेली. कोण नाही म्हणणार?

संशोधन रीतसर मंजूर झालं होतं. डोंगराच्या दोन बाजूंच्या दोन गावांपैकी एकाला दोन वर्षं नर्स मिळणार, दुसऱ्यात बाळंतपणांची नुसती नोंद व्हायची. मग फरक मोजायचा. कुणावर अन्याय नको म्हणून सगळ्यांदेखत टोपलीतून चिठ्ठी. न्यायाची व्यवस्था अगदी चोख होती.

सुईणीची लेक तमांदा आठव्या महिन्यात होती. मागच्या खेपेला रक्त थांबता थांबेना. बाळ गेलं, ती कशीबशी वाचली.

म्हातारीने आपल्या गावाची चिठ्ठी काढली. संशोधक बाईंनी वाचली. "नोंद." पलीकडच्या गावच्या बायकांनी तिथेच फेर धरला.

"परत काढू का गं पोरी? एकदाच."

"नाही हो, आजी. समितीनं असंच मंजूर केलंय."

"समितीत बाळंतीण होती का कुणी?"

बाई कागद सारखे करत राहिल्या.

"चल आई, ऊन वाढलं," म्हणत तमांदाने आईचा हात धरायला आपला हात पुढे केला. म्हातारीने चिठ्ठी काढलेला आपला उजवा हात अंगावरच्या कापडाआड लपवला.