दारातला तरवड

"एवढा पिवळा तरवड उगीच फुलतो व्हय?" विहिरीच्या काठावर चांगुणा सगळ्यांदेखत म्हणाली. "माळावरचा सगळा करपला. झुंबराक्काच्याच दारात कशी फुलं?"

बायकांच्या हातातले दोर थांबले. बाहत्तर सालचा पाऊस कोरडाच गेला होता आणि जामखेडकडच्या त्या वाडीत एकाच विहिरीला पाझर उरला होता. सकाळी नंबरानं शेंदायचं, एरवी विहिरीला हात लावायचा नाही, असं ठरलं होतं. तरी दुपारी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली, की कुणीतरी पाणी नेत होतं. सकाळी घागरीत गाळच यायचा.

म्हातारी झुंबरबाई दिवसभर घरी एकटीच असायची. तिच्याकडे सगळ्यांच्या माना वळल्या.

नंबर लावणारा रंगनाथ म्हणाला, "नुसतं बोलून काय उपेग? माती बगू. पानी घातलं आसंल तर वल दिसंल."

सगळे तिच्या दाराशी गेले. चांगुणाला मागं राहता येईना. तिचं घर शेजारचंच, मधे कमरेइतका दगडांचा गडगा. त्या गडग्यालगत झुंबरबाईनं माळावरून बिया आणून तरवड लावला होता. फुलांवर भुंगे आणि मधमाश्या नुसत्या घुमत होत्या.

झुंबरबाईनं कुणाला हात लावू दिला नाही. कुदळ तिनंच घेतली. पहिल्याच घावाला पांढरी धूळ उडाली. दुसऱ्याला, तिसऱ्यालाही धूळच. रंगनाथनं खाली बसून मूठभर माती उचलली. राखेसारखी ती बोटांतून निसटली.

"कोरडी ठाक हाय," तो म्हणाला. "राहू द्या आक्का. चुकलं आमचं."

ती थांबली नाही. "तरवडाला पानी कोन घालतं रं? गडग्याच्या सावलीला त्याचं मूळ त्याचं बगून घेतं. पर आता नको दारात. उद्या आनि कोन तरी बोट दाखवील."

एकेक झुडूप उखडून ती बाजूला टाकत गेली. बायकांनी पदर सारखे केले. कुणी कुणाकडे बघेना.

"मग पानी नेतं तरी कोन?" रंगनाथनं विचारलं.

चांगुणा गडग्याला पाठ लावून उभी राहिली. तिच्या गोठ्यामागं, तुराट्यांच्या कुडाआड भोपळ्याचा वेल होता. घरात हिरवं म्हणायला तेवढंच. सुनेला बघायच्या निमित्तानं ती कामावरून मधेच येई आणि दुपारची एक घागर त्याच्या मुळाशी जाई.

झुंबरबाईनं कपाळाचा घाम पुसला. गडग्यापलीकडे एकदा पाहिलं.

"मला काय ठाव," ती म्हणाली.

माणसं पांगली. चांगुणा तिथंच उभी राहिली. "आक्का..."

"हितल्या माश्या उठून तुझ्या गोठ्यामागं जायच्या," खाली बघतच झुंबरबाई म्हणाली. "फुलं नसली तर माश्या कशाला जातील गं? रोज बगत हुते मी."

"मग बोलला का न्हाई?"

"तुझी सून पोटुशी हाय. तिच्या पोटात काय तरी हिरवं जाईल म्हनलं." तिनं शेवटच्या झुडपाचं मूळ ओढलं. ते निम्म्यात तुटलं. "जा आता. माझ्या दारात उभी राहू नको."

चांगुणा घरी आली, तर सून पुष्पावती गोठ्याच्या बाजूनं पोटाला हात धरून लगबगीनं येत होती. कधी नव्हे ते हसत होती.

"आत्याबाई, धरला बगा भोपळा! लिंबाएवढा झालाय." तिनं उंबऱ्याजवळची रिकामी घागर पुढं सरकवली. "आज दुपारी वाईच जास्त आना पानी."

चांगुणानं घागर उचलली. घरात नेऊन कोपऱ्यात पालथी घातली आणि तिच्यावर हात ठेवून खाली बसली.