दोन बोटं जादा

शिंपीमास्तरांनी दुकानातच फोमच्या जाड शीट्स चिकटवून, वर कॅनव्हास चढवून गाडीमागे जोडायची फिरती खोली बांधली. इतकी हलकी की बायकोने एका हाताने सरकवली. तिची तक्रार एकच: खिडकी नाही. “कापडाला भोक पाडलं की पाणी शिरतं,” मास्तरांनी विषय मिटवला. निघायच्या सकाळी खोली दुकानाच्या दारात अडकली. कुठल्याही शिवणीत दोन बोटं जादा माया, म्हणजे कडेचं वाढीव कापड, सोडायची त्यांची जन्माची खोड. तीच इथे नडली; खोली दारापेक्षा दोन बोटं रुंद झाली होती. शेजारचा सुतार हसून म्हणाला, “दार फोडू?” “दार दुकानमालकाचं आहे, खोली माझी.” मास्तरांनी खडूने मधोमध रेघ ओढली, कातर उचलली. “अहो, महिनाभराची मेहनत!” बायको ओरडली. “उसवायला भितो तो शिंपी कसला? दोन भाग करून बाहेर नेतो, अंगणात पुन्हा शिवतो.” मग कातर तिच्याच हातात ठेवली. “आधी तू तुझी खिडकी काप. हवी तेवढी मोठी.”