नाव नसलेली मॅनेजर

क्रीडासंस्थेवाल्यांनो, तुम्ही माणसाचं काम बघतच नाही, नुसतं नाव बघता. मुलींच्या फुटबॉल टीमची कोच व्हायला मी मुलाखतीला आले, तेव्हा तुम्ही अनुभव विचारलात. मी खरं ते सांगितलं, "मोबाईलवरच्या फुटबॉल मॅनेजरच्या गेममध्ये आठ वर्षं क्लब चालवतेय." पाचही जण हसलात. "बाई, तुमचं नाव कुणी ऐकलंय का?"

गेममध्येही हेच असतं. नाव नसलेल्या मॅनेजरला मोठा क्लब दारात उभं करत नाही. मग कुणालाच नको असलेली टीम घ्यायची आणि जिंकत वर यायचं. मी केडगावच्या मुली घेतल्या. सगळ्या कबड्डीतल्या. पहिल्याच मॅचला आमची गोलकीपर निकिता बॉल सोडून समोरच्या पोरीचा पाय धरून बसली. वर म्हणाली, "ताई, सवय हाय."

परवा फायनलला त्याच निकितानं तुमच्या टीमची शेवटची पेनल्टी अशी धरली, की बॉल सोडवायला आमच्या तिघी लागल्या. कप घेऊन आमचा टेम्पो केडगावात पोचायच्या आत तुमचा फोन. "मॅडम, आता आमच्याकडेच या." गेममध्येसुद्धा जिंकल्यावर पहिली ऑफर नाकारणाऱ्यांचीच येते.

फोन स्पीकरवर होता. निकितानं विचारलं, "ताई, ह्यांचं नाव आपल्यात कुणी ऐकलंय व्हय?" टेम्पोभर पोरी हसल्या आणि तुम्ही फोन ठेवलात.

पोरगी अजून वाट बघतेय. उत्तर द्या.