हुबेहूब

बाबांनी तरुणपणी लढाईत उडवलेलं विमान आता फक्त संग्रहालयात उरलं होतं, म्हणून लेकीनं ते कॉम्प्युटरवर उभं केलं. रोज संध्याकाळी बाबा पडद्यासमोर बसून, तिनं जोडलेला दांडा धरून ते उडवायचे, एकेक खुसपट काढायचे आणि ती मुकाट्यानं दुरुस्त करायची.

"तेलाच्या दाबाची सुई अशी शहाण्यासारखी उभी नसायची गं, थरथरायची."

"वळताना दांडा लोण्यात फिरल्यासारखा कसा फिरतो? हात भरून यायचा आमचा."

आईनं तर हात टेकले होते. "एवढं लक्ष कधी संसारात घातलं असतंत तर!"

आज बाबांनी विमान नदीवरून अगदी खाली आणलं आणि बटण दाबलं. बॉम्ब सुटला, तसं हलकं झालेलं विमान एकदम वर उसळलं. बाबांचे हात दांड्यावरून आपोआप निघाले.

"जमलं ना?" लेक खुशीत म्हणाली. "आता काढा बघू खुसपट!"

बाबांनी पडद्यावर नदीच्या वळणापाशी बोट ठेवलं. "इथं घरं हवीत."

"घरं? अहो बाबा, तिथं मोकळं रान होतं, असं तुम्हीच तर लहानपणापासून सांगत आलात आम्हाला!"

आईचा कामातला हात थांबला. बाबांचं बोट मात्र तिथून हललं नाही.

"सात-आठ घाल. बसक्या छपरांची," ते म्हणाले. "आणि मागच्या दोरीवर कपडे वाळत घातलेले दाखव. वरून दिसत होते."