सरपंचांचा पासवर्ड

'सरपंच यांचा पासवर्ड द्या,' अशी पाटी स्क्रीनवर पुन्हा आली आणि ग्रामपंचायतीच्या ऑफिसात पुन्हा गोंधळ उडाला.

"दिला की बे!" अमरसिंह टेबलावर हात आपटून म्हणाला. "किती बारी द्यायचा? आन मी सरपंच न्हाई तर कोण हाय?"

निवडून आलेली सरपंच त्याची बायको, सत्यशीला. पण तिला त्या नावानं हाक मारायचं कुणाच्या डोक्यातही येत नव्हतं. गाव तिला वहिनी म्हणायचं आणि अमरसिंहाला सरपंच. ती सहीपुरती यायची. आताही दाराजवळच्या खुर्चीत सहीसाठीच बसली होती.

लखन ऑपरेटर बिचारा घामाघूम. नवा प्रिंटर टेबलावर ऐटीत बसलेला, वायर लावलेली, दिवा हिरवा, कागद भरलेला. पण छापायचं नाव नाही!

"सरपंच, ह्या कॉम्प्युटरात लिनक्स शिस्टीम हाय," लखन म्हणाला. "रोजच्या कामाला काही इचारत न्हाई. नवीन प्रिंटर जोडायचा म्हणलं की पासवर्ड मागतंय. त्याबिगर त्याला आत घेईना."

"मग जुनाच लाव."

"तो जळला न्हाई का."

टँकरचा प्रस्ताव छापून आज संध्याकाळच्या आत गेवराईला तहसीलात पोचला नाही, तर गावाला अजून आठवडाभर पाणी नाही. बाहेर जीप उभी होती. ड्रायव्हर उगाच हॉर्न वाजवत होता.

अमरसिंहानं आपला मोबाईल नंबर घातला. जीपचा नंबर घातला. पोराचं नाव घातलं. सगळं चूक. लखननं वायर काढून परत लावली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, प्रिंटरचं झाकण उघडून आत फुंकर मारली. त्या फुंकरीनं काय व्हायचं होतं, देव जाणे.

शेवटी ज्यानं हे सगळं बसवलं होतं, त्याला बीडला फोन लावला.

"पासवर्ड मला कसा ठाऊक असणार?" फोनमधून आवाज आला. "तो सरपंचांनी स्वतः टाकला. मी तोंड फिरवून उभा होतो."

"मी? कवा?" अमरसिंह भांबावला. "कॉम्प्युटर बसवला त्या दिवशी मी तर लग्नाला गेलतो."

"तुम्ही नाही हो. सरपंच. बाई होत्या त्या."

फोन बंद झाला. दोघांनी वळून दाराकडं पाहिलं.

"तुला येतो पासवर्ड?"

"येतो."

"मग मघापासून गप कावून बसली गं?"

"मला कुणी इचारलं?"

सत्यशीला उठून टेबलापाशी आली. पण कीबोर्डला हात लावला नाही. "लखन, आधी ते पत्र दाखव. टँकर कुठं थांबणार हाय?"

"पारापाशी, वहिनी."

"आन वरची वस्ती?"

लखननं अमरसिंहाकडं पाहिलं. टँकर वस्तीवर येईल, असा शब्द सत्यशीलेनं निवडणुकीत तिथल्या वत्सलाबाईला दिला होता, हातात हात घेऊन. आता वस्तीवरच्या बाया घागरी घेऊन खाली उतरताना दिसल्या, की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"वर टँकर चढत न्हाई," अमरसिंह म्हणाला.

"उसाचा ट्रक चढतो. टँकर कावून चढंना?"

बाहेर हॉर्न वाजला. अमरसिंहानं घड्याळाकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं, मग स्क्रीनकडं. तिथं तीच पाटी. आपल्याच ऑफिसात आपलं काय चुकलं, तेच त्याला कळेना.

"घाल बाबा, काय घालायचं ते," तो लखनला म्हणाला.

लखननं पत्रात वस्तीचं नाव घातलं. सत्यशीलेनं एका बोटानं, सावकाश, एकेक अक्षर दाबलं. पाटी निघून गेली. प्रिंटर दचकून जागा झाल्यासारखा खडखडला आणि कागद बाहेर आला.

लखननं तो उचलला. "सरपंच, वस्तीचं नाव बरोबर आलंय का बघा बरं."

अमरसिंहानं चष्मा लावला आणि हात पुढं केला.

कागद सत्यशीलेच्या हातात होता.