रुबेनचं छप्पर

"माझं राहू दे, आधी माझ्या रुबेनचं छप्पर बांधा," फेलिसामावशी ओरडली.

वादळ फिलिपिन्समधल्या आमच्या बातानेस बेटांजवळ पोचलं होतं. पूर्वी चर्चची घंटा वाजली की सगळा गाव धावायचा, गवती छपरांवर दोरखंडाची जाळी टाकून दगडांना आवळायचा. आता तरुण सगळे मनिलात. आज आम्ही तिघे म्हातारे आलो, आणि वेळ एकाच छपरापुरता उरला होता.

"अगं मावशी, त्याचं घर कधीपासून बंद आहे. तुझंच उडेल ना!" मी म्हणालो.

"उडू दे. पोरगं परत आलं तर टेकणार कुठे?"

कालच रुबेनचा मला फोन आला होता. "मी आता इकडचाच. घर कुणालाही देऊन टाका. आईला तुम्हीच सांगा."

मी जाळी त्या रिकाम्या घरावर टाकली आणि दोर आवळू लागलो.